घाडीकाकांचा पुकारा

घाडीकाकांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. भोईवाड्यातल्या एकाच चाळीत आम्ही नऊ वर्षं राहिलो. ते तळमजल्यावर मागच्या खोलीत, एकटे. आम्ही त्यांच्या बरोबर वर, दुसऱ्या माळ्यावर. लग्न होऊन आले त्या आठवड्यात त्यांनी मला 'सूनबाई' म्हटलं, आणि माझी मुलगी दुसरीत गेली तरी मी सूनबाईच होते. माझ्या नवऱ्याला ते 'दुसरा माळा' म्हणायचे, समोरच्या बाईंना 'पापडवाल्या', चाळीच्या सेक्रेटरीला 'चष्मा'. एकदा मी हसत विचारलं, काका, माझं नाव माहीत तरी आहे का तुम्हाला? ते हसले नाहीत. म्हणाले, "माहीत आहे. पण जित्या माणसाचं नाव मी उगाच घेत नाही."

नावं घेणं हाच त्यांचा धंदा होता. ते कोर्टात पट्टेवाले होते. कोर्टाच्या दारात उभं राहायचं, आतून कागदावर आलेलं नाव बाहेरच्या गर्दीत पुकारायचं. तीनदा. तिसऱ्या हाकेलाही कोणी पुढे आलं नाही की आत जाऊन 'गैरहजर' सांगायचं. नोकरीचा सगळा काळ त्यांनी हेच केलं. निवृत्त झाल्यावरही त्यांनी शिंप्याकडून गणवेशासारखाच पांढरा हाफ शर्ट आणि पांढरी पँट शिवून घेतली. बुटांना रोज पॉलिश, आत मोजे मात्र नाहीत. उंच, काटकुळे, मान जराशी पुढे काढलेली, आणि चालता चालता प्रत्येक दारावरची पाटी ओठ हलवत वाचायची सवय. नवीन पाटी लागली की थांबून दोनदा वाचायचे. चाळीच्या सभेत चष्म्याने एकदा त्यांना हजेरी घ्यायला सांगितली, तर ते उठून घरी निघून गेले. त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण तो लांब जायचा. दोन माणसांपलीकडे बसलेल्यालाही वाटायचं की हे आपल्या कानाशी बोलत आहेत.

चाळीच्या मागे एक लांबट मोकळी जागा होती. एका अंगाला चाळ, दुसऱ्या अंगाला बंद गोदामाची उंच भिंत, मध्ये एक जंगली बदाम आणि एक शेवगा. आम्ही त्याला मागचं अंगण म्हणायचो. दिवाळी संपली की घाडीकाका तिथे कामाला लागायचे. आंब्याच्या रिकाम्या पेट्या कापून त्यांची चिमणीच्या मापाची घरं करायची, आत काथ्या पसरायचा, आणि उत्तरेचा वारा शिरणार नाही अशा बेताने ती भिंतीवर ठोकायची. चार विटांवर कडाप्प्याची एक फरशी मांडलेली होती. तिच्यावर बाजरी, तांदळाच्या कण्या, बुलबुलासाठी पपईचे तुकडे, आणि उत्तरेकडून येणाऱ्या परटांसाठी उकडलेल्या अंड्याचा चुरा. परीट म्हणजे ते करडं-पांढरं, सतत शेपटी हलवत चालणारं पाखरू. पाण्यासाठी मातीची पसरट भांडी. दाणे कधी फेकायचे नाहीत, हाताने पसरायचे, हा त्यांचा नियम. मुंबईत थंडी ती किती, त्यात पाखरांचे कसले लाड, असं लोक म्हणत. त्यावर ते म्हणायचे की थंडीने पाखरू मरत नाही, उपासाने मरतं. गवत वाळतं, किडे कमी होतात, आणि पाहुणे मात्र वाढतात. पावसाळ्यात त्यांनी कधी दाणा टाकला नाही. दिवाळी ते होळी, एवढाच त्यांचा मोसम.

मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तेव्हाही सकाळची ड्युटी असायची, त्यामुळे साडेपाचला उठणं आलंच. सासरच्या पहिल्याच डिसेंबरात एका सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं आणि खालून नाव ऐकू आलं. "अनंत पांडुरंग खवणेकर." मग थांबा. पुन्हा तेच नाव. पुन्हा थांबा. तिसऱ्यांदा. मला वाटलं कोणी कुरियरवाला असेल. इतक्या सकाळी कुठला कुरियरवाला? मी स्वयंपाकघराची खिडकी उघडून खाली पाहिलं.

उजाडत होतं. धुरकट हवा अंगणात साचून राहिली होती, आणि त्या धुरक्यात घाडीकाका पांढऱ्या कपड्यांत फरशीजवळ उभे होते. समोरच्या भिंतीवर पाखरं बसली होती. चिमण्या, साळुंक्या, होले, बुलबुल, खाली एका कोपऱ्यात परीट. चाळीस-पन्नास तरी असतील. एकाच्याही तोंडून आवाज नव्हता. जिथे पाच चिमण्या जमतात तिथे बोलणं ऐकू येत नाही, हे कोणालाही माहीत आहे. इथे भिंतभर पाखरं आणि मला माझ्या गॅसचा आवाज ऐकू येत होता. तिसऱ्या हाकेनंतर भिंतीवरून एक साळुंकी उतरली, फरशीच्या कडेला बसली आणि खाऊ लागली. बाकीची जागची हलली नाहीत. काकांनी दुसरं नाव घेतलं. एक चिमणी उतरली. तिसरं नाव. एक होला.

सासूबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घालून खिडकी लावली. म्हणाल्या, पुकारा चाललाय, ऐकायचं नाही ते. मी विचारलं, का? त्यावर त्यांनी आधण उकळतंय म्हणून सांगितलं.

हळूहळू कळलं की हा आमच्याच घरचा नियम नाही. थंडीत सकाळी सहाच्या सुमाराला चाळीच्या मागच्या सगळ्या खिडक्या बंद असत. याच बायका दुपारी त्यांच्याकडून बँकेचे फॉर्म भरून घ्यायच्या, गणपतीत त्यांना मोदक पाठवायच्या. त्यांना कोणी घाबरत नव्हतं. फक्त त्या अर्ध्या तासाविषयी कोणी बोलत नव्हतं. कोणीतरी कुजबुजायचं की आडनावच घाडी, गावाला यांचे पूर्वज देवापुढे गाऱ्हाणी घालायचे, नको त्यांना बोलवायचे. हे कानावर गेलं की काका चिडायचे आणि चिडले की मालवणीवर यायचे. "आजो गाऱ्हाणी घालीत होतो. बापूस गिरणीत होतो. मी सरकारी नोकर. ह्येच्यात भुतां खय इली?"

त्यांच्याशी माझी खरी ओळख झाली ती एका दयाळामुळे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गॅलरीत एक दयाळ पडला होता. पंखात मांजा रुतलेला. मी त्याला टॉवेलात घेऊन खाली धावले. काका चहा पीत होते. त्यांनी पाखरू लगेच हातात घेतलं नाही. आधी कपाभोवती दोन्ही तळवे धरून गरम केले आणि मग ते घेतलं. थंड हाताने पाखरू धरलं तर ते त्या थंडीनेच दगावतं, असं म्हणाले. नखं कापायच्या कात्रीने त्यांनी एकेक धागा सोडवला. त्याला जवळपास तास लागला. त्या तासात ते जितकं बोलले तितकं नंतर कधी बोलले नाहीत.

ते म्हणाले, ज्यांनी हाकेला ओ दिली त्यांची नावं मी विसरलो. ज्यांनी दिली नाही, ती राहिली. निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्या थंडीत इथे दाणे पसरताना त्यातलं एक नाव सहज तोंडातून निघालं, आणि भिंतीवरची एक चिमणी उतरून समोर आली. त्यांना वाटलं योगायोग. त्यांनी दुसरं नाव घेतलं, दुसरी आली. मग कोर्टातला माणूस असल्यामुळे त्यांनी चौकशी केली. बहुतेकांचे पत्ते त्यांना आठवत होते. ते एकेका पत्त्यावर जाऊन आले. ज्या नावाला पाखरू आलं तो माणूस गेलेला होता. कोणी आजाराने, कोणी दारूने, कोणी तारखेच्या आधीच. ज्या तीन नावांना काही आलं नाही, त्यातला एक लालबागच्या मसाल्याच्या बाजारात मिरच्यांची पोती उचलताना भेटला, दुसरा सुरतेला राहायला गेला होता, आणि तिसऱ्याचा पत्ता तेवढा त्यांना आठवत नव्हता.

मी लॅबमधली. मी त्यांना सांगितलं की पाखरांना आवाजाची सवय लागते, तुमचा हात हलत असेल, त्या खुणेवर ती येत असतील. ते रागावले नाहीत. म्हणाले, "असेलही. पाखरू ते पाखरूच, सूनबाई. नाव घेतल्यावर कोणीतरी पुढे यावं, एवढंच माझं म्हणणं."

त्यानंतर काही दिवस मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. पुकारताना त्यांचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले असायचे. हे मी घरात कोणाला सांगितलं नाही. दयाळ चार दिवसांनी उडून गेला.

पुढे मी मधूनमधून खाली जायला लागले. पाण्याची भांडी धुवून भरायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा मला कळलं की सगळ्यात शेवटी ते एक नाव घेतात आणि त्या नावाला कोणी येत नाही. "प्रकाश शांताराम तोडणकर." तीन हाका झाल्या की ते कानामागे तळवा धरून उभे राहायचे, भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहायचे आणि मग आत जायचे. ते आत गेल्यावरच उरलेली पाखरं खाली यायची. चार हिवाळे मी हे पाहिलं. मला वाटायचं, बरं आहे, एक तरी जिवंत आहे.

पाचव्या हिवाळ्यात, भर दुपारी, एक बाई त्यांचं दार विचारत आल्या. पन्नाशीच्या असतील. लालबागला राहणाऱ्या, पोळीभाजीचे डबे करणाऱ्या. भाजी घेताना त्यांनी ऐकलं होतं की भोईवाड्यात एक जण सकाळी नावं पुकारतो आणि त्यात तोडणकरांचं नाव आहे. त्या सुनंदा तोडणकर, प्रकाश तोडणकरांची बायको.

मी तेव्हा भांडी घेऊन अंगणातच होते. त्यांनी सांगितलेलं साधं होतं. त्यांच्या नवऱ्याने रस्त्यावरचा एक अपघात पाहिला होता. त्याची साक्ष द्यायला समन्स आलं. ते कधी कोर्टाची पायरी चढलेले नव्हते. आठवडाभर झोपले नाहीत, उलट काही तोंडातून गेलं तर आत टाकतील म्हणत राहिले. तारखेच्या दिवशी डाळभात खाल्ला, समन्स खिशात घातलं आणि कोर्टात जाऊन येतो म्हणून निघाले. ते कोर्टात पोचले नाहीत, घरीही आले नाहीत. त्याला सहा वर्षं झाली होती. त्या दिवशी कोर्टाच्या दारात त्यांचं नाव तीनदा पुकारणारे घाडीकाकाच होते.

सुनंदाताईंना आता निर्णय घ्यायचा होता. त्यांची चाळ पुनर्विकासात चालली होती. खोली नवऱ्याच्या नावावर. वकील म्हणाला होता की सात वर्षं होऊ द्या, मग मृत घोषित करण्यासाठी अर्ज करू. मुलाला ते हवं होतं. त्यांचा हात सहीला धजत नव्हता. त्यांनी काकांना एवढंच विचारलं, "तुम्ही रोज बोलावता त्यांना. येतात का?"

काकांनी आधी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही येत. म्हणजे ते आहेत कुठेतरी. अर्ज करू नका. थांबा."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं, असं नंतर मला कितीदा वाटलं. पण त्या बाईचा चेहरा असा काही सैल झाला की माझ्याने बोलवलं नाही. त्यांनी वकिलाकडून कागद परत आणले. त्यानंतर थंडीत महिन्यातून एक-दोनदा त्या पहाटे चालत यायच्या, शेवग्याखाली उभ्या राहायच्या, शेवटचं नाव ऐकायच्या. भिंतीवरून कोणी उतरलं नाही की समाधानाने निघून जायच्या. कोणी आलं नाही याचा आनंद मी त्यांच्या तोंडावर पाहिला आहे.

त्यांचा मुलगा नीलेश एकदा सकाळीच आला. तिशीतला, कुरियर कंपनीत नोकरी करणारा. करारावर सह्या अडकल्या होत्या आणि घरात रोज भांडण होतं. तो मोठ्याने बोलला नाही, पण काय काय बोलला. आमच्या घरात ढवळाढवळ करायचा तुम्हाला काय अधिकार, म्हातारी बाई पाखरांच्या नादाने वेडी झाली. काका मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी त्याने पायाने फरशी उलथवली. पाण्याचं भांडं फुटलं, दाणे मातीत गेले. भिंतीवर पाखरं होती. एवढा आवाज झाला तरी एकही उडालं नाही. सगळी त्याच्याकडे पाहत होती. नीलेशने एकदा वर पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तो जरा मागे सरत सरत बाहेर गेला.

त्यानंतरचा दुसरा हिवाळा. जानेवारी होता, संक्रांत अजून यायची होती. मी भांडी भरत होते. काकांनी सगळी नावं घेतली, शेवटी प्रकाश शांताराम तोडणकर तीनदा म्हटलं, कानामागे हात नेला, आणि सवयीने आत जायला वळले. भिंतीच्या कोपऱ्यातून एक परीट खाली आला. फरशीवर बसला. शेपटी दोनदा हलवली आणि काकांकडे पाहत उभा राहिला. त्याने दाण्याला तोंड लावलं नाही.

काकांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. आयुष्यात ज्या माणसाने एक पाखरू हाकललं नाही, तो हातवारे करत त्याला हाकलायला लागला. "जा. जा तू. हय येव नको." परीट उडाला नाही. काकांनी फरशीवर हात आपटला, तरी नाही. मग ते विटेवर टेकले आणि मला म्हणाले की मला लालबागला घेऊन चल.

मी हॉस्पिटलला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. आम्ही टॅक्सी केली. सुनंदाताईंच्या खोलीचं दार उघडंच होतं, आत पोळ्या चालल्या होत्या. त्यांनी काकांकडे पाहिलं. तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला, हात पुसले.

"इले?"

"इले," काका म्हणाले.

त्या रडल्या नाहीत. बसा म्हणाल्या. चहा केला, आणि तो आम्ही तिघांनी प्यायला. मी घड्याळाकडे पाहत होते, कारण दुसरीकडे कुठे पाहावं हे मला कळत नव्हतं.

नवव्या दिवशी पोलीस स्टेशनमार्फत फोन आला. घाटावरच्या एका लहान गावात, रस्त्यावर सापडलेल्या बेवारशी, मनाने हरवलेल्या माणसांना सांभाळणारा एक आश्रम होता. तिथे एक माणूस वारला होता. सहा-सात वर्षं तिथे होता. त्याने कधी नाव सांगितलं नाही की गाव सांगितलं नाही. शेवटची अंघोळ घालताना त्याच्या बंडीच्या आत शिवलेला एक कागद सापडला. घडीवर विरलेलं समन्स. त्यावर नाव, पत्ता. त्याला मृत्यू आला तो परीट उतरला त्याच्या आदल्या संध्याकाळी.

नीलेश जाऊन सगळं उरकून आला. परतल्यावर दुसऱ्या दिवशी तो थेट काकांकडे आला. मी ड्युटीवरून येत होते, मला वाटलं आता हा मारतो की काय. म्हणून मी तिथेच थांबले. पण तो पायरीवर काकांशेजारी बसला. तो भांडायलाच आला असावा, पण भांडण कुठून सुरू करावं हे त्याला सुचत नसावं. मग तो आश्रमातल्या लोकांनी सांगितलेलं सांगायला लागला. बाबा कोणाशी बोलायचे नाहीत. शांत असायचे, झाडायचे, भांडी घासायचे. त्यांची एकच तऱ्हा होती. सकाळी उठून अंगणात जायचे, ताठ उभे राहायचे, 'हजर' म्हणायचे, आणि परत येऊन बसायचे. आश्रमवाल्यांना वाटायचं पूर्वी पोलिसात किंवा सैन्यात असतील.

काकांनी विचारलं, "किती वाजता?"

"सहाच्या सुमाराला. रोज." नीलेशने आठवून दुरुस्त केलं. "रोज म्हणजे, थंडीत फक्त. पावसाळ्यात, उन्हाळ्यात नाही म्हणाले."

शेवग्याची पानं गळत होती, तेवढीच काय ती हालचाल. नीलेशला पुकाऱ्याचा मोसम माहीत नव्हता. मला माहीत होता. काकांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. थंडीत आवाज लांब जातो, हे ते मला नेहमी सांगायचे.

"ओ देत होता," ते म्हणाले. "इतकी वर्षं ओ देत होता. मलाच ऐकू आली नाही."

मग, कोणाकडेही न पाहता, "मी थांबा म्हणालो. शोधा म्हणायला हवं होतं."

नीलेश उठला. मला वाटलं निघाला. तो आत गेला, माठातून पाणी घेऊन आला आणि तांब्या त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी काकांनी पुकारा केला नाही. दाणे पसरले, पाणी ठेवलं आणि बाजूला उभे राहिले. पाखरं भिंतीवर बसून राहिली. आठ वाजले, दहा वाजले. एकही खाली आलं नाही. मी संध्याकाळी येऊन पाहिलं तर फरशी भरलेली तशीच होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. पेट्यांमधून काही आवाज नाही, भिंतीवर आवाज नाही. सासूबाईंनी प्रथमच आपणहून मागची खिडकी उघडली आणि खाली पाहत म्हणाल्या की अगं, ही मरतील अशाने, घ्या म्हणावं नावं. मी तसं सांगितलं. काकांनी मान हलवली. त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती. त्यांनीही दोन दिवस काही खाल्लं नसावं.

तिसऱ्या दिवशी पहाटे सुनंदाताई आल्या. गळा मोकळा, कपाळ मोकळं. त्या भिंतीसमोर उभ्या राहून एकेका पाखराकडे पाहत राहिल्या. त्या परटाला त्या शोधत होत्या का, मला माहीत नाही. परीट सात-आठ होते आणि सगळे सारखे. मग त्या काकांजवळ आल्या.

"आता बोलावू नका कोणाला," त्या म्हणाल्या. "नुसतं खाऊ द्या."

त्यांनी बाजरीचा डबा उचलला आणि मुठी भरभरून दाणे सगळ्या अंगणात उधळायला लागल्या. फरशीवर, मातीत, बदामाच्या मुळांशी. काकांनी त्यांना अडवलं नाही. पहिली चिमणी उतरली ती भांडत उतरली. मग सगळी भिंत एकदम खाली आली. एवढा कलकलाट झाला की पापडवाल्या बाई गॅलरीत आल्या. त्या अंगणात पाखरांचा आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण अंगावर काटा आला, आणि तो का आला हे आजही मला नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं ती काय ऐकायला गप्प बसत होती, असं काहीतरी मनात आलं.

सुनंदाताई त्यानंतरही अधूनमधून यायच्या. दोघं फारसे बोलत नसत. त्या दाणे टाकायच्या, ते पाणी ठेवायचे. त्यांनी काकांना माफ केलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. त्या यायच्या, एवढं मी पाहिलं.

पुढच्याच वर्षी आमचीही चाळ पुनर्विकासात गेली. मार्चअखेर खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. आम्हाला वडाळ्याला भाड्याची जागा मिळाली. काका कणकवलीजवळ पुतण्याकडे जाणार होते. परीट परत गेल्याशिवाय मी हलणार नाही, असं त्यांनी चष्म्याला लिहून दिलं होतं, आणि चष्म्याने ते खरोखर फाइलला लावलं होतं. बाकी चाळ जवळजवळ रिकामी झाली. जिन्यात पाय वाजायला लागले की कोणाचे ते लगेच कळायचं, कारण आता माणसंच तेवढी उरली होती.

आम्ही निघालो त्या सकाळी टेम्पो खाली उभा होता. स्वयंपाकघर रिकामं झालंय का ते पाहायला मी शेवटची वर गेले आणि मागच्या खिडकीतून खाली पाहिलं.

भिंतीवर एकही परीट नव्हता. पेट्या काढून एकावर एक रचून ठेवल्या होत्या. काका फरशीजवळ उभे होते, पांढऱ्या कपड्यांत, मान पुढे काढून. त्यांना हाक मारावी असं मनात आलं, पण मारली नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. वर पाहिलं नाही. मग ते सावकाश खाली बसले, आणि फरशीवर उरलेली बाजरी तळहाताने गोळा केली. मला वाटलं, डब्यात भरून ठेवतील. त्यांनी तो तळवा तोंडाजवळ नेला आणि मान झटकन एका बाजूला कलती करून पहिला दाणा ओठांनी टिपला. मग दुसरा. खालून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी खिडकी लावून घेतली तेव्हाही ते खात होते, एकेक करून.